मौज्याचा नकाशा आणि आकृतींचे परिवलन

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या जुन्या मौज्याचा नकाशा, म्हणजे मध्यप्रांताच्या अमदानीत बंदोबस्ताच्या मोजणीतून तयार झालेला आणि पुढे अनेक वर्षे पटवाऱ्याच्या दप्तरात घड्या सोशीत राहिलेला तो कागद, मेजावर उलगडला म्हणजे प्रथम डोळ्यांत भरतात त्या धानाच्या असंख्य लहानमोठ्या बांध्या, त्यांना एकमेकींपासून अलग करणारे वाकडेतिकडे धुरे, आणि त्या साऱ्या शिवाराला पाणी पुरविणारा, कोहळी समाजाच्या पूर्वजांच्या हातून बांधला गेलेला एखादा तलाव. १६ इंचांस १ मैल या प्रमाणावर हे नकाशे काढलेले असत. म्हणजे ६६ फुटांची एक साखळी धरली तर कागदावरील एका इंचात ५ साखळ्या, अर्थात ३३० फूट, सामावतात, आणि कागदाचा एक चौरस इंच म्हणजे बरोबर अडीच एकर जमीन होते. आता या मेजाभोवती चार असामी चार बाजूंना उभे असतील, तर प्रत्येकाच्या दृष्टीला तो नकाशा निराळ्या रोखाने पडलेला दिसतो; एकजण तो आपल्याकडे वळवून घेतो, तलाव जो वर होता तो डावीकडे येतो, पांदण जी आडवी होती ती उभी होते, आणि तरीही त्या चौघांपैकी कोणाच्याही मनात असा संशय येत नाही की कागद वळविल्यामुळे आपल्या शेताची आराजी कमी झाली किंवा शेजाऱ्याचा धुरा आपल्याकडे सरकला.

हा जो नि:शंकपणा आहे तो सर्वस्वी यथार्थ आहे, परंतु त्याचे कारण मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वळविल्याने नेमके काय बदलते, काय बदलत नाही, आणि जे बदलते ते आकड्यांत कसे मांडावे, हा निर्देशक भूमितीतील परिवलनाचा प्रश्न होय. शाळेत तो आलेखाच्या कागदावर त्रिकोण फिरवून शिकविला जातो आणि परीक्षा आटोपताच विसरला जातो. वास्तविक तो प्रश्न शेताच्या बांधावरचा आहे, आणि बांधावरच तो नीट समजतो असे माझे मत आहे.

मोजणीदारांच्या परिचयाचे प्लेन टेबल हे याचे उत्तम उदाहरण. तिपाईवर बसविलेला एक सपाट फलक, त्यावर ताणून बसविलेला कागद, आणि दोन्ही टोकांस उभ्या चिपा असलेली एक सरळ पट्टी, इतकीच ती सामग्री. समजा, शिवारात ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन दगड पक्के ठरलेले आहेत आणि कागदावर त्यांच्या जागा पूर्वीच टिपलेल्या आहेत. मोजणीदार फलक ‘अ’ दगडावर अशा बेताने उभा करतो की कागदावरचा अ-बिंदू त्या दगडाच्या ऐन वर यावा. मग कागदावरील अ-ब या रेषेवर पट्टी ठेवून, चिपांतून पाहत पाहत, तो संपूर्ण फलक हळूहळू फिरवितो, आणि ज्या क्षणी दूरवरचा ‘ब’ दगड दोन्ही चिपांच्या रेषेत येतो त्या क्षणी फलक आवळून टाकतो. एवढे झाले की कागदावरील प्रत्येक रेषा, मग ती तलावाच्या पाळीची असो, पांदणीची असो वा लांबच्या सरहद्दीची असो, जमिनीवरील आपल्या प्रतिरूप रेषेला समांतर होते. रेषा जुळविली एकच. जुळल्या मात्र साऱ्या. यातच परिवलनाचा पहिला धर्म प्रकट होतो: एका केंद्राभोवती आकृती फिरली असता तिच्यातील प्रत्येक रेषा एकसारख्याच कोनातून वळते, आणि म्हणून एका रेषेचा कोन सापडला की दुसरीचा निराळा शोधावा लागत नाही. दुसरा धर्म याहून साधा आहे. प्रत्येक बिंदूचे केंद्रापासूनचे अंतर जसेच्या तसे राहते, आणि एकटे केंद्र तेवढे जागचे हालत नाही.

आता आकड्यांकडे वळू. शेताच्या एका कोपऱ्यातील दगड हा आरंभबिंदू मानावा, पूर्वेकडील अंतरास क्ष आणि उत्तरेकडील अंतरास य म्हणावे, व माप साखळ्यांत घ्यावे. ४ साखळ्या पूर्वेस आणि ३ साखळ्या उत्तरेस असलेला बिंदू (४, ३) या जोडीने सांगता येतो. हा बिंदू घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पाव फेरा, म्हणजे ९० अंश, फिरविला तर तो कोठे जाईल? पाठांतराचा आश्रय न घेता, आरंभबिंदूपासून त्याच्यापर्यंत चालत गेलेल्या वाटेकडे पाहावे. ती वाट प्रथम पूर्वेस ४ साखळ्या आणि मग उत्तरेस ३ साखळ्या अशी होती. सगळी वाटच पाव फेरा वळविली म्हणजे जे पाऊल पूर्वेस पडत होते ते उत्तरेस पडेल आणि जे उत्तरेस पडत होते ते पश्चिमेस पडेल. म्हणून नवी वाट उत्तरेस ४ आणि पश्चिमेस ३ अशी झाली, आणि पश्चिम ही ऋण दिशा असल्याने नवा बिंदू (–३, ४) हा ठरला. (क्ष, य) चा (–य, क्ष) होतो, हा जो नियम विद्यार्थी घोकतात, त्यात याहून अधिक गूढ असे काही नाही.

कोणत्याही कोनासाठी हीच युक्ती चालते. कोनास थ म्हटले, तर पूर्वेस टाकलेले एक साखळीचे पाऊल वळल्यावर पूर्वेस कोज्या थ आणि उत्तरेस ज्या थ इतके सरकते. उत्तरेस टाकलेले पाऊल पश्चिमेस ज्या थ आणि उत्तरेस कोज्या थ इतके सरकते. पूर्वेची क्ष पावले आणि उत्तरेची य पावले एकत्र केली की नवा क्ष म्हणजे क्ष कोज्या थ – य ज्या थ, आणि नवा य म्हणजे क्ष ज्या थ + य कोज्या थ, ही दोन समीकरणे आपसूक हाती येतात.

ती एका शेतावर लावून पाहू. चौकोनी शेताचे कोपरे असे धरू: क (०, ०), ख (१०, ०), ग (१०, ५) आणि घ (५, १०). याचे क्षेत्रफळ काढण्यासाठी क्रमाने येणाऱ्या दोन दोन कोपऱ्यांच्या आकड्यांचा तिरपा गुणाकार करून वजाबाकी घ्यावी, सर्वांची बेरीज करावी आणि तिची निमपट करावी. ख आणि ग यांपासून १० × ५ – १० × ० = ५० मिळतात; ग आणि घ यांपासून १० × १० – ५ × ५ = ७५; क ज्यात येतो ती पदे शून्य. एकूण १२५, निम्मे साडेबासष्ट चौरस साखळ्या. आणि १० चौरस साखळ्यांचा एक एकर असल्यामुळे सव्वासहा एकर. नकाशावर हे शेत अडीच चौरस इंचांची जागा घेईल. आता हे शेत क या कोपऱ्याभोवती अशा कोनातून फिरवू की ज्याची कोज्या चार-पंचमांश आणि ज्या तीन-पंचमांश आहे. हा कोन सुमारे ३६ अंश ५२ कलांचा असून ३, ४, ५ बाजूंच्या प्रसिद्ध काटकोन त्रिकोणात तो आपल्याला भेटतो. हिशेब केला असता ख जातो (८, ६) वर, ग जातो (५, १०) वर आणि घ जातो (–२, ११) वर. सर्व आकडे पालटले, एक तर ऋण झाला. तरी पुन्हा तिरपा गुणाकार करून पाहा: ख आणि ग यांपासून ८ × १० – ५ × ६ = ५०; ग आणि घ यांपासून ५ × ११ – (–२) × १० = ७५. बेरीज तर तीच आलीच, पण प्रत्येक पदही स्वतंत्रपणे जसेच्या तसे राहिले, कारण प्रत्येक पद म्हणजे आरंभबिंदूपाशी टेकलेल्या एका त्रिकोणाच्या क्षेत्रफळाची दुप्पट होय, आणि त्रिकोण आपल्या जागी अखंड फिरला आहे. ख-ग ही बाजू आधी सरळ उत्तरेस ५ साखळ्या होती. आता ती पश्चिमेस ३ आणि उत्तरेस ४ अशी तिरपी झाली, परंतु लांबी ५ साखळ्याच.

केंद्र आरंभबिंदूपाशी नसले तर काय करावे, असे कोणी विचारील. समजा, हेच शेत ख या दगडाभोवती पाव फेरा फिरवायचे आहे. तेव्हा प्रथम सर्व अंतरे ख पासून मोजावी, मग फिरवावे, आणि शेवटी ख चे आकडे परत मिळवावे. ग हा बिंदू ख पासून (०, ५) इतका आहे. पाव फेऱ्यानंतर तो (–५, ०) होतो. ख चे (१०, ०) मिळविले की (५, ०) ही त्याची नवी जागा. वजा करणे, फिरविणे, मिळविणे, हाच क्रम ठेवला पाहिजे. तो उलटला की बिंदू भलत्याच शिवारात जाऊन पडतो.

उलट दिशेचा प्रश्न मला अधिक रम्य वाटतो. त्याच मौज्याच्या नकाशाची एक पारदर्शक प्रत मूळ नकाशावर कशीही, वाटेल त्या रोखाने टाकली आणि ती पालथी पडली नाही एवढी खबरदारी घेतली, तर दोहोंतील दिशा भिन्न असेपर्यंत एक आणि एकच बिंदू असा निघतो की जो स्वतःच्याच वर पडलेला असतो. नकाशांचे कागद पुरेसे मोठे असले म्हणजे झाले. तो शोधण्याची रीत अशी. तलावाच्या सांडव्याचे मूळ स्थान आणि प्रतीतील स्थान यांना जोडणारी रेषा काढून तिचा लंबदुभाजक घ्यावा. दुसऱ्या एखाद्या खुणेसाठीही, जसे की विहिरीसाठी, तसेच करावे. हे दोन लंबदुभाजक जेथे छेदतात तेच परिवलनाचे केंद्र. कारण उघड आहे: केंद्रापासून सांडव्याचे अंतर फिरण्यापूर्वी आणि फिरल्यानंतर सारखेच असले पाहिजे, आणि दोन बिंदूंपासून समान अंतरावर असणारे सर्व बिंदू लंबदुभाजकावरच असतात. म्हणजे आपण प्रत सरकवीत आणली की वळवीत आणली, एकदा की दहादा, याला काही महत्त्व राहत नाही. त्या सर्व हालचालींचा एकत्रित परिणाम एका खुंटीभोवती एकदा वळविल्याइतकाच असतो, आणि दिशा मुळीच बदलली नसेल तर केवळ सरकविल्याइतका.

पालथ्या कागदाचा अपवाद मात्र विसरू नये. ट्रेसिंग क्लॉथवर उतरविलेला नकाशा मागील बाजूने वाचला, तर प्रत्येक अंतर आणि प्रत्येक क्षेत्रफळ बरोबर येते, तरी कोपऱ्यांचा क्रम उलटतो. क, ख, ग, घ हे घड्याळाच्या उलट जात होते ते घड्याळाप्रमाणे जाऊ लागतात आणि पूर्वेचा शेजारी पश्चिमेला जाऊन बसतो. असा नकाशा कितीही फिरविला तरी जमिनीवर बसत नाही. वर सांगितलेला तिरपा गुणाकार येथे फार उपयोगी पडतो, कारण पालथ्या आकृतीत त्याचे उत्तर ऋण येते.

दिशेच्या बाबतीत आणखी एक घोटाळा संभवतो. गणिती लोक कोन पूर्वेपासून, घड्याळाच्या उलट मोजतात. मोजणीदार दिक्कोन उत्तरेपासून, घड्याळाप्रमाणे मोजतात. त्यातच आकृती फिरविणे आणि अक्ष फिरविणे ह्या परस्परविरुद्ध क्रिया आहेत: फलक घड्याळाप्रमाणे फिरविला तर कागदावर बसलेल्या मुंगीला सारे शिवार घड्याळाच्या उलट फिरताना दिसेल. समीकरणातील ज्या या पदाचे चिन्ह कोणते धरावे हे यावरच अवलंबून असते, आणि चुकीचे चिन्ह धरले तर दोष कमी होण्याऐवजी दुप्पट होतो. नकाशाचा रोख ३ अंशांनी चुकलेला असून तो विरुद्ध बाजूस ३ अंश ‘दुरुस्त’ केला, तर चूक ६ अंशांची होईल, आणि १० साखळ्या दूर असलेला दगड आपल्या जागेपासून सुमारे ६९ फूट हटलेला दिसेल. एवढ्या पट्ट्यात धानाची एक बांधी सहज मावते, आणि धुऱ्यावरून दिवाणी दावे उभे राहण्यास त्याच्या दशांशही पुरतो.

अर्ध्या फेऱ्याचे, म्हणजे १८० अंशांचे, परिवलन सर्वांत सोपे. त्यात (क्ष, य) चा (–क्ष, –य) होतो. त्याचे सुंदर दर्शन घ्यायचे तर मोहाडी, आंधळगाव किंवा पवनी येथील मागावरचे टसराचे करवती काठाचे लुगडे पाहावे. तीन धोटे चालवून विणलेल्या त्या काठात काठाच्या रंगाचे दाते अंगाच्या रंगात आणि अंगाच्या रंगाचे दाते काठात घुसलेले असतात. दात्याच्या एका तिरप्या कडेचा मध्यबिंदू धरून त्याभोवती काठ मनातल्या मनात अर्धा फेरा फिरवावा. नागमोडी रेषा तंतोतंत स्वतःवरच येऊन बसते, फक्त काठाच्या दात्याच्या जागी अंगाचा दाता येतो. विणकर हे समीकरण लिहीत नाही, परंतु एक दाता जरी लहानमोठा झाला तरी त्याच्या नजरेला ते खुपते.

पाव फेरा दोनदा दिला की अर्धा फेरा होतो. या साध्या गोष्टीत गणिताच्या इतिहासातील एक मोठी गोष्ट दडलेली होती. तिचा शोध लागला तोही एका मोजणीदाराला. १७४५ मध्ये नॉर्वेत जन्मलेला कास्पार वेसेल हा डेन्मार्कच्या भूमापनाच्या कामावर आयुष्यभर खपला. रेषांची लांबी आणि दिशा यांचा एकत्र हिशेब ठेवणे हा त्याचा नित्याचा व्यवसाय. १७९७ मध्ये त्याने डॅनिश अकादमीपुढे जो निबंध वाचला आणि जो १७९९ मध्ये छापला गेला, त्यात त्याने असे दाखविले की प्रतलावरील प्रत्येक बिंदू ही एक संख्या मानली, तर ऋण एकच्या वर्गमुळाने गुणणे म्हणजे पाव फेरा फिरविणे होय; दोनदा गुणले की अर्धा फेरा, म्हणजेच ऋण एकने गुणणे. शतकानुशतके ‘काल्पनिक’ म्हणून ज्या संख्येची हेटाळणी झाली, तिला अशा प्रकारे जमिनीवर पाय मिळाले. निबंध डॅनिश भाषेत असल्याने त्याच्याकडे जवळजवळ शंभर वर्षे कोणाचे लक्ष गेले नाही आणि ती कीर्ती आर्गां व गाउस यांच्या वाट्याला गेली. हा अन्याय मनाला लागतो.

दोन परिवलने एकामागून एक केली की कोनांची बेरीज होते, यातूनच दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीत निष्पन्न होते: पहिल्याची ज्या दुसऱ्याच्या कोज्येने, दुसऱ्याची ज्या पहिल्याच्या कोज्येने गुणून दोन्ही मिळवावे. ही रीत भास्कराचार्यांनी शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्ये रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या ज्योत्पत्ति या प्रकरणात दिलेली आहे. चाळीसगावनजीकच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांपुढे प्रश्न ग्रहांच्या स्थानांचा होता आणि आपल्यापुढे धुऱ्यांचा आहे, परंतु ज्या आणि कोज्या यांचा परस्पर गुणाकार दोन्हीकडे एकच आहे.

भंडारा जिल्ह्यातच परिवलनाचे प्रचंड आकाराचे उदाहरण पाहावयाचे असेल तर पवनी तालुक्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणावर जावे. २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेल्या या धरणाला ३३ वक्र दरवाजे आहेत. अशा दरवाजाचा छेद घेतला तर पाण्याकडील पत्रा वर्तुळाच्या कंसाचा असतो, आणि दरवाजा ज्या खिळीभोवती फिरतो ती त्या वर्तुळाच्या केंद्रस्थानी बसविलेली असते. पाण्याचा दाब पृष्ठभागाला सर्वत्र लंब असतो. वर्तुळाला काढलेला प्रत्येक लंब केंद्रातून जातो. तेव्हा पाण्याचा सारा रेटा खिळीवर येऊन पडतो आणि दरवाजा वळविण्याच्या किंवा अडविण्याच्या कामी त्याचा अंशही शिल्लक राहत नाही. दरवाजा उचलणाऱ्या यंत्राला झुंजावे लागते ते केवळ त्याचे स्वतःचे वजन आणि घर्षण यांच्याशी. शिवाय फिरताना पत्र्याचा प्रत्येक बिंदू केंद्रापासून तेवढ्याच अंतरावर राहत असल्याने कंस त्याच वर्तुळावर सरकतो आणि कडांना लावलेल्या रबरी पट्ट्यांची पकड सुटत नाही. पावसाळ्यात नदी दुथडी भरली असता हे दरवाजे जेव्हा उघडले जातात, तेव्हा केंद्रापासूनच्या अंतराची ती अविचलता भंडाऱ्यातील लोक डोळ्यांनी पाहत असतात.

पुन्हा नकाशाकडे येऊ, कारण खरी अडचण तेथेच आहे. जुने नकाशे आज संगणकात घेतले जात असून त्यांना अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत बसविताना सरकविणे, फिरविणे आणि लहानमोठे करणे या तीन क्रिया कराव्या लागतात. पैकी फिरविण्याने आराजीत फरक पडू शकत नाही हे आपण वर पाहिले. म्हणून नकाशा बसविल्यावर खसऱ्यातील रकबा आणि संगणकातील रकबा यांत तफावत आली, तर तिचे मूळ परिवलनात शोधणे व्यर्थ होय. पुष्कळदा दोष कागदाचा असतो. ओल्या हवेत आणि कडक उन्हाळ्यात वर्षानुवर्षे राहिलेला कागद उभ्या आणि आडव्या दिशांना सारखा आकसत नाही. पूर्व-पश्चिम तो शेकडा एक इतका आकसला आणि दक्षिणोत्तर तसाच राहिला, तर आपले सव्वासहा एकरांचे शेत त्यावर ६.१९ एकरांच्या आसपास भरेल, काटकोन कागदाच्या कडांशी तिरपे असतील तर ते काटकोन राहणार नाहीत, आणि जगातील कोणतेही परिवलन ही विकृती दूर करू शकणार नाही. ती ओळखण्याचा उपाय असा की, ज्यांची खरी अंतरे ठाऊक आहेत असे दगड निरनिराळ्या दिशांना निवडून कागदावरील अंतराचे खऱ्या अंतराशी प्रमाण काढावे. सर्व दिशांना प्रमाण एकच आले तर नकाशा निरोगी आहे, केवळ वळलेला आणि लहानमोठा झालेला आहे; प्रमाणे भिन्न आली तर आधी कागदाचा दोष निस्तरला पाहिजे, मग फिरविण्याचा विचार.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. नकाशा बसविण्यास दोन बिंदू गणिताच्या दृष्टीने पुरेसे होतात, परंतु केवळ दोनच घेतले तर मोजणीत कितीही मोठी चूक असली तरी समीकरणे बिनबोभाट सुटतात आणि कागद जागेवर बसल्यासारखा दिसतो, कारण त्या दोन बिंदूंना विरोध करणारे कोणी नसते. तिसरा आणि चौथा बिंदू घेतला की चूक आपोआप उघडी पडते. मौज्याच्या शिवेवरचे दगड आता अनेक ठिकाणी नांगराने उखडले गेले आहेत किंवा धुऱ्याच्या मातीत गाडले गेले आहेत. तेथे तीन गावांच्या सरहद्दी मिळतात ते ठिकाण, बांधीव विहीर, आणि जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीचे टोक व सांडवा, ह्या खुणा मोजणीदाराने प्रथम गाठाव्या, आणि त्या परस्परांपासून होईल तितक्या दूर व निरनिराळ्या दिशांना असतील अशा निवडाव्या.